सर्पगंधा : औषधाचा इतिहास

सर्पगंधा : (अडकई, हरकी, हिं. छोटा चाँद, चंद्रभागा; लॅ. रावोल्फिया सर्पेंटिना, कुल – ॲपोसायनेसी). करवीर कुलातील एक लहान, सदाहरित झुडूप. भारत, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, इंडोनेशिया इ. देशांतील दमट व सावलीच्या जंगलांत ते आढळते. महाराष्ट्रात कोकण व सह्याद्रीच्या परिसरात ते उगवते. पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलांत, फुले पांढरी, त्यांचे देठ व संवर्त लालसर आणि पिकलेली फळे जांभळट काळी असतात. औषधासाठी मुख्यत्वे मूळ वापरतात. लोकपरंपरेतील वनौषधी प्रयोगशाळेच्या कसोटीस उतरून जगभर मान्यता पावल्याचे हे एक ठळक उदाहरण असून अशा मान्यतेच्या मर्यादाही त्यातून दिसून येतात. प्रस्तुत नोंदीत या औषधाचा इतिहास दिला आहे.

प्राचीन परंपरा : सर्पगंधा हे नाव चरकसंहितेत विषचिकित्सेच्या संदर्भात येते; तथापि तेथे अभिप्रेत असलेली वनस्पती आजचीच, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. सापाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस या झुडपाची पाने खातो, अशी समजूत प्रचलित होती. बिहार व उत्तर प्रदेशात मात्र या मुळाचा निराळाच उपयोग रूढ होता. तेथे ते ‘पागल की दवा’ म्हणून विकले जाई आणि रडणाऱ्या मुलांना झोपविण्यासाठीही दिले जाई. सर्पविषावरील उतारा म्हणून असलेली त्याची ख्याती पुढे खरी ठरली नाही. शामक म्हणून असलेली ख्याती खरी ठरली. एकाच वनस्पतीविषयीच्या लोकसमजुतींत खरे व खोटे किती जवळजवळ नांदत असते, हे यावरून लक्षात येते.

यूरोपीयांचा परिचय : गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने भारतीय औषधींवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात त्याने सर्पदंशावरील ज्या मुळ्यांचे वर्णन केले आहे, त्यांपैकी एक सर्पगंधेची असावी, असे काही अभ्यासक मानतात. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्यूम्ये याने १७०३ मध्ये या प्रजातीला लेओन्हार्ट राउव्होल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याचे नाव दिले. राउव्होल्फने सिरिया व इराकपर्यंत वनस्पतींच्या शोधार्थ प्रवास केला होता. परंतु तो भारतात कधीच आला नाही.

भारतीय संशोधन : आधुनिक संशोधनास १९३१ हे वर्ष निर्णायक ठरले. हकीम अजमलखान यांच्या प्रेरणेने दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सुरू झालेल्या संशोधनकार्यात सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळापासून पाच स्फटिकी अल्कलॉइडे वेगळी केली व त्यांपैकी काहींना अजमलखानांच्या स्मरणार्थ अजमलीन, अजमलिसीन अशी नावे दिली. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर मुळाच्या चूर्णाचा गुण येतो, असे प्रसिद्ध केले. सेन हे आयुर्वेद व पाश्चात्त्य वैद्यक या दोहोंचे जाणकार होते. परंपरेने वेडावर दिल्या जाणाऱ्या औषधाचा रक्तदाबाशी संबंध जोडणे, हे या निरीक्षणाचे वैशिष्ट्य होय. त्यानंतर रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्याच्या उष्ण कटिबंधीय वैद्यक संस्थेत प्राण्यांवर प्रयोग करून या गुणधर्मांची तपासणी केली. स्फटिकरूपात मिळालेल्या अल्कलॉइडांनी मुळाच्या शामक गुणाचा पुरता उलगडा होत नव्हता. तो गुण राळयुक्त भागात आढळला.

जागतिक मान्यता : भारतातील वैद्य-डॉक्टरांना परिचित झालेले हे औषध पश्चिमेत मात्र जवळजवळ अज्ञात होते. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपला अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा ही स्थिती बदलली. त्या काळी उच्च रक्तदाबावर सहज देता येईल असे सौम्य औषध उपलब्ध नव्हते. कडक मीठबंदी व तंत्रिका छेदणारी मोठी शस्त्रक्रिया असे कष्टप्रद उपाय योजावे लागत [⟶ रक्तदाब]. लवकरच अमेरिकेत बॉस्टन येथे रॉबर्ट विल्किन्झ यांनी औषध वापरून वकिलांच्या निरीक्षणास दुजोरा दिला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या सीबा कंपनीत म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी राळयुक्त भागातून रेसर्पीन हे मुख्य क्रियाशील अल्कलॉइड वेगळे केले. १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात त्याचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध झाले. १९५६ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेसर्पिनाचे संश्लेषण साधले. कार्बनी रसायनशास्त्रात ते अभिजात गणले जाते. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पारितोषिकाचा सन्मान मिळाला.

क्रिया व तिचे महत्त्व : तंत्रिकांच्या टोकांशी असलेल्या सूक्ष्म पुटिकांत नॉरॲड्रेनॅलीन, डोपामीन, सेरोटोनीन ही द्रव्ये साठविली जातात. रेसर्पीन ही साठवण रोखते. त्यामुळे साठा हळूहळू रिता होतो, रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयगती मंदावते व रुग्ण शांत होतो. औषध थांबविल्यावरही परिणाम काही दिवस टिकतो. १९५७ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ आर्व्हिद कार्लसन यांनी रेसर्पिनाने निश्चल झालेले ससे एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, असे दाखविले. डोपामिनाचे मेंदूतील कार्य त्यातून उमगले व कंपवातावरील उपचाराची दिशा सापडली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अशा रीतीने रोग बरा करण्याइतकेच मेंदूचे कार्य समजून घेण्यासही हे मूळ उपयोगी पडले.

दोष व ऱ्हास : वनस्पतिजन्य म्हणून औषध निरुपद्रवी, ही समजूत सर्पगंधेने खोटी ठरविली. नाक चोंदणे, सुस्ती, हृदयगती मंदावणे, जठरव्रण बळावणे हे तिचे दुष्परिणाम होत. मोठ्या मात्रेने तीव्र विषण्णता आल्याच्या नोंदी १९५० नंतरच्या दशकात झाल्या. या संबंधाचा पुरावा पुढील समीक्षणांत एकसारखा आढळला नाही, तरी विषण्णतेच्या रुग्णांना हे औषध देत नाहीत. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असल्याची शंका व्यक्त झाली, पण नंतरच्या अभ्यासांनी तिला पुष्टी दिली नाही. मनोविकारांत क्लोरप्रोमॅझिनाने व रक्तदाबात नव्या औषधांनी तिची जागा घेतली. असे असले, तरी उच्च रक्तदाबावरील उपचाराने पक्षाघातासारखे आघात टळतात, हे १९६७ व १९७० मध्ये सिद्ध करणाऱ्या अमेरिकी चाचण्यांतील औषधांत रेसर्पीन हे एक होते. मुळातील क्रियाशील द्रव्यांचे प्रमाण स्थळ, ऋतू व झाडाचे वय यांनुसार बदलते. त्यामुळे चूर्णाची मात्रा निश्चित करणे कठीण जाते व वैद्यकीय देखरेखीविना ते घेणे धोक्याचे ठरते.

प्रसिद्धीची झळ वनस्पतीलाही लागली. मूळ काढताना झाड समूळ उपटले जाते. वाढत्या मागणीमुळे जंगलांतून सर्पगंधा झपाट्याने कमी झाली व इतर जातींच्या मुळांची भेसळ होऊ लागली. रेसर्पिनासाठी रावोल्फिया व्हॉमिटोरिया या आफ्रिकी जातीचाही आधार घेतला गेला. दुर्मिळ जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९९० मध्ये सर्पगंधेचा समावेश करण्यात आला. लागवड बिया, मुळांचे तुकडे वा छाट कलमे यांपासून करतात. मुळे काढण्याजोगी होण्यास दीड ते तीन वर्षे लागतात. जंगलातील उरलेल्या झाडांवरील ताण कमी होणे बव्हंशी या लागवडीच्या विस्तारावर अवलंबून आहे.