रॉयल फ्री, १९५५ : नोंदी त्याच, निष्कर्ष दोन

१३ जुलै १९५५ रोजी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील एक निवासी डॉक्टर आणि एक वॉर्ड सिस्टर आजारी होऊन तिथेच दाखल झाले. २५ जुलैपर्यंत आजारी कर्मचाऱ्यांचा आकडा सत्तरीपार गेला आणि रुग्णालय बंद करावे लागले. ते ५ ऑक्टोबरला उघडले. २४ नोव्हेंबरपर्यंत २९२ कर्मचारी आजारी पडले, त्यांतल्या २५५ जणांना दाखल करावे लागले. इथपर्यंत मतभेद नाही.

मुख्य साधन आहे रुग्णालयाच्या वैद्यकवर्गाचा अहवाल; तो ऑक्टोबर १९५७मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापला गेला. त्यात डोकेदुखी, घसादुखी, सौम्य ताप, सुजलेल्या लसिकाग्रंथी नोंदल्या आहेत. पुढे हातापायांची कमजोरी, संवेदनांतले बदल आणि काहींच्या डोळ्यांच्या वा चेहऱ्याच्या स्नायूंची दुर्बलता. लेखकांनी निदान केले ते मेंदू व मज्जारज्जूच्या दाहाचे. रोगजंतू मात्र सापडला नाही.

याच अहवालातला एक आकडा थबकायला लावतो. रुग्णालयात उपचार घेणारे जे आधीपासून होते, त्यांच्यापैकी केवळ १२ जणांना हा आजार झाला. संसर्ग असेल तर तो खाटेवरच्या माणसांना का टाळेल? एकत्र राहणाऱ्या परिचारिकांमध्ये तो पसरला असावा, असा तर्क करता येतो. पण तो तर्कच.

जानेवारी १९७०मध्ये मॅकएव्हेडी आणि बिअर्ड या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच रुग्णालयाच्या जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि ही साथ सामूहिक उन्मादाची होती, असे मांडले. बाधितांत स्त्रियांचे मोठे प्रमाण, तापाच्या मानाने तीव्र त्रास, मज्जातंतूंच्या रचनेशी न जुळणारी बधिरता हे त्यांचे आधार. यांतली बधिरतेची नोंद खरीच अडचणीची आहे. स्त्रियांचे प्रमाण मात्र तितके बोलके नाही, कारण परिचारिकावर्ग बहुतांश स्त्रियांचाच होता. शिवाय सुजलेल्या ग्रंथी उन्मादाने समजावता येत नाहीत. दोघांनी रुग्ण प्रत्यक्ष तपासले नव्हते. संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ मेल्विन रॅमसे यांनी ते तपासले होते, आणि ते शेवटपर्यंत शारीरिक कारणावर ठाम राहिले. मॅकएव्हेडी आणि बिअर्ड यांच्या मांडणीआधी एकच वर्ष, १९६९मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराला मज्जासंस्थेच्या रोगांत स्थान दिले होते.

सर्वांत मोठी पोकळी दोन्ही पक्षांना सारखीच नडते. साथीत कुणी दगावले नाही, त्यामुळे शवविच्छेदन नाही, मेंदूची ऊती नाही. दाह होता हे सिद्ध करणारा पुरावा तिथेच मिळाला असता आणि नव्हता हे सांगणाराही.

१९८८मध्ये अमेरिकेत ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’ या अशाच, कारण न सापडलेल्या आजाराची व्याख्या ठरली, तेव्हा हा वादही तिच्या वाट्याला आला. नोंदींवरून माझे मत असे : रॉयल फ्रीत निदान काही रुग्णांच्या मज्जासंस्थेला इजा झाली असण्याची शक्यता बळकट आहे, सर्वांना एकाच कारणाने ग्रासले, हे सिद्ध नाही. जंतू न सापडणे हा तपासाच्या मर्यादेचा पुरावा आहे, आजार काल्पनिक असल्याचा नव्हे. या दोहोंतल्या गफलतीने पुढच्या कित्येक रुग्णांना अविश्वास सोसावा लागला.