जखमेला पाच वर्षांची मुदत कोणी घातली?

यंत्रात हात गेला तर पैसे किती दिवस मिळतात? वस्तीत, कामगार नाक्यावर हा प्रश्न आम्हाला सारखा विचारला जातो. विचारणारा बहुधा आपलाच असतो. ठेकेदाराने दवाखान्यात नेलेले असते, पहिले बिल भरलेले असते आणि महिनाभराने फोन उचलणे बंद केलेले असते. साध्या माणसाला वाटते, जखम भरेपर्यंत पैसे मिळायला हवेत. पण या देशात उत्तर जखमेवर ठरत नाही. तुमचे नाव कोणत्या रजिस्टरात आहे, यावर ठरते. हे असे का झाले, ते समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

सप्टेंबर 1884. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी तयार केलेल्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, या मागण्या सगळ्यांना पाठ आहेत. रविवारच्या सुट्टीसाठी लोखंड्यांचे नाव वर्षातून एकदा तरी व्हॉट्सॲपवर फिरते. त्याच निवेदनातली अपघाताची मागणी मात्र कोणी फिरवत नाही. काम करताना गंभीर इजा झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्यावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या उपजीविकेची सोय करावी, असे त्यात होते.

मुदत दोनच प्रकारची: बरा होईपर्यंत किंवा जन्मभर. मधली कोणतीही तारीख नाही. जर्मनीत बिस्मार्कने कामगार अपघात विम्याचा कायदा केला तोही 1884 मध्येच, आणि इंग्लंडमध्ये असा कायदा व्हायला 1897 उजाडले. म्हणजे मुंबईचा गिरणी कामगार आपल्या राज्यकर्त्यांच्या तेरा वर्षे पुढे होता. हे आम्ही अभिमानाने सांगतो, कारण कामगार हक्कांची कल्पना युरोपातून आयात झाली असे आजही शिकवले जाते.

इंग्रज सरकारने कायदा केला 39 वर्षांनी. कामगार नुकसानभरपाई कायदा, 1923, 1 जुलै 1924 पासून लागू. त्यात काय होते पाहा. तात्पुरते अपंगत्व आले तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा, म्हणजे महिन्याला अर्धी मजुरी. तीही पंधरवड्याला 15 रुपयांच्या वर नाही. पहिले दहा दिवस काहीच नाही. आणि हे पैसे अपंगत्व असेपर्यंत किंवा पाच वर्षे, यांपैकी जी मुदत कमी असेल तेवढेच दिवस. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर 42 महिन्यांची मजुरी किंवा 3,500 रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम. मृत्यू झाला तर 30 महिन्यांची मजुरी किंवा 2,500 रुपये, इथेही कमी असेल ती. ‘कमी असेल ते’ हे शब्द या कायद्याचा आत्मा आहेत. पूर्ण पगाराचा अर्धा झाला आणि जन्मभराच्या सोयीचे साडेतीन वर्षांचे पैसे झाले.

पाचच वर्षे का? हाड पाच वर्षांत जुळते असे कोणत्याही वैद्यकशास्त्रात लिहिलेले नाही. आमच्या मते हा आकडा मालकाच्या हिशेबवहीतून आला. जबाबदारीला शेवट असला की तिची किंमत ठरते, विमा उतरवता येतो, खाते बंद करता येते.

आता या हिशेबात जात कुठे आली, असे काही डावे मित्र विचारतील. ती मजुरीच्या आकड्यात बसली होती. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण त्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपण कसा वापरायचा, ही सवर्ण कामगारांची तक्रार. त्यामुळे आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याचा मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर रेटला, तो यासाठीच. समजा रिंग खात्यात महिना 20 रुपये आणि विणकाम खात्यात 40. दोघांचे दोन्ही हात गेले, तर एकाला 840 रुपये आणि दुसऱ्याला 1,680. कायद्यात ‘अस्पृश्य’ हा शब्द कुठेही नाही. त्याची गरजही नव्हती. आणि हे झाले गिरणीतल्यांचे. गावात जमीनदाराच्या शेतावर राबणारा आपला बहुसंख्य समाज तर या कायद्याच्या यादीतच नव्हता.

1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1943 मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली, ऑगस्ट 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला. पुढे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनी कामावरच्या अपघाताची भरपाईही याच विम्यात घ्यावी असे सुचवले. यामुळे मूळ विचारच बदलला. भरपाई एकट्या मालकाच्या खिशातून काढायची नाही, तर सगळ्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून हक्क म्हणून घ्यायची. विधेयक मांडले गेले आणि 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, तेव्हा मजूर खाते बाबू जगजीवनराम यांच्याकडे होते. आपल्याकडचे काही लेख हे नाव गाळतात. गाळू नये. पाया कोणाच्या काळात घातला गेला ते कागदोपत्री आहे, दुसऱ्याचे नाव खोडून ते मोठे होत नाही.

या कायद्याने मुदतीचे उत्तर लोखंड्यांच्या जवळ नेले. आज ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला तात्पुरत्या अपंगत्वात मजुरीच्या 90 टक्के दराने पैसे मिळतात, अपंगत्व असेपर्यंत; पाच वर्षांची रेघ नाही. कायमच्या अपंगत्वात कमाईची क्षमता जितकी गेली त्या प्रमाणात दरमहा रक्कम, जन्मभर. एकरकमी पैसा आमच्या वस्तीत किती दिवस टिकतो हे सांगायला नको. सावकार हिशेब घेऊन दारातच उभा असतो. दरमहा येणारा पैसा मात्र घर चालवतो.

मग 1923 च्या मुदतीचे काय झाले? दहा दिवसांची थांबण्याची अट 1933 मध्ये सातवर आणि 1959 मध्ये तीनवर आली. 28 दिवस किंवा जास्त अपंगत्व टिकले तर पहिल्या दिवसापासून पैसे. कायमच्या अपंगत्वासाठी वयानुसार गुणक आला. हिशेबात धरायच्या मजुरीची कमाल मर्यादा जानेवारी 2020 मध्ये 8,000 वरून 15,000 झाली. तीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा गेला, तर कायदा ते 30 टक्के नुकसान मानतो. 15,000 चे 60 टक्के, गुणिले 207.98, त्याचे 30 टक्के: 5,61,546 रुपये. खरा पगार 22,000 असला तरी एवढेच. तात्पुरत्या अपंगत्वात त्याला पंधरवड्याला 3,750. आणि पाच वर्षे? ती जशीच्या तशी. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणातही तीच मुदत उतरवून घेतली आहे. साम्राज्य गेले, संविधान आले, त्या आकड्याला कोणी हात लावला नाही.

म्हणजे एकाच शहरात, एकाच प्रकारच्या अपघातानंतर दोन घड्याळे चालतात. ईएसआयचे कार्ड असलेल्याचे घड्याळ जन्मभर चालते, बाकीच्यांचे पाच वर्षांनी बंद पडते. ज्याची हजेरीच लागत नाही, त्याचे सुरूच होत नाही. गटार साफ करणारा, कचऱ्याच्या गाडीमागे धावणारा, नाक्यावरून उचललेला बिगारी यांतला किती भाग कोणत्या जातींचा आहे, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला 10 लाख द्या असे सर्वोच्च न्यायालयाला 2014 मध्ये सांगावे लागले. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. कायमच्या अपंगत्वासाठी 20 लाख, इतर अपंगत्वासाठी किमान 10 लाख. निकाल चांगलाच आहे, पण हाही एकरकमी. जन्मभराची सोय नाही.

तेव्हा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी अपघाताची बातमी कळताच निवेदनाआधी रजिस्टर पाहावे. दहा किंवा अधिक कामगार आहेत आणि मजुरी 21,000 पर्यंत आहे, तर ईएसआय लागू व्हायला हवा. मालकाने नाव नोंदवले नाही हा त्याचा गुन्हा, कामगाराचा दोष नव्हे. अपघातानंतरही नोंदणीसाठी भांडता येते. ईएसआय लागू नसेल, तर भरपाईचा दावा ठेकेदारापुरता ठेवू नका, ज्याचे काम चालू होते त्या मूळ मालकावरही करा. केसपेपरवर ‘घरी पडला’ असे लिहू देऊ नका, ‘कामावर असताना’ हे शब्द पहिल्याच दिवशी लिहून घ्या. 21 नोव्हेंबर 2025 च्या आधी झालेल्या अपघातांना जुना कायदा लागतो, तिथे दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. असे किती अपघात आपल्या वस्तीत दाव्याविना पडून आहेत, त्याची यादी या महिन्यातच करायला घ्या.