सतरा जनुकांचा गुणांक

१२. येथे अभिप्रेत आहे तो ‘एलएससी१७’, टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने २०१६ साली ‘नेचर’मध्ये मांडलेला. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या रक्तपेशी वेगवेगळ्या करून त्यांनी उंदरांना टोचल्या. ज्यांनी उंदरात रोग पुन्हा उभा केला, त्या ल्युकेमियाच्या मूळपेशी. अशा पेशींत कोणती जनुके अधिक ‘व्यक्त’ होतात (शब्द जरा पुस्तकी आहे, प्रत्यक्षात मोजतात त्या जनुकावरून उतरलेल्या आरएनएच्या प्रती) हे पाहून शेवटी १७ निवडली. गुणांक चढा असला की नेहमीच्या केमोथेरपीला रोग दाद देण्याची शक्यता कमी. एकट्यादुकट्या रुग्णाबाबत हे गणित चुकतेही. म्हणून मूळ हस्तलिखितातले ‘भाकीत’ काढून मी ‘अंदाज’ केले आहे. — संपा.