उसनं हाड

नडगीचा चुरा होऊन मधला बोटभर तुकडा गेला, की लातूर-नांदेडचा अस्थिरोगतज्ज्ञ आजही बहुधा रुग्णाच्याच कमरेकडे वळतो. कमरेच्या हाडाची वरची कड तासायची आणि तो चुरा पोकळीत भरायचा. नडगी जुळते, पण तासलेली जागा कधीकधी मूळ दुखण्यापेक्षा जास्त ठणकते, आणि तिथून काढून काढून काढणार किती? या उसनवारीला कंटाळूनच मूलपेशी आणि सच्छिद्र साचा यांची जोडी जमली.

उसनवारी जुनी आहे. १६६८ साली छापलेल्या एका डच पुस्तकात रशियन सरदाराच्या फुटक्या कवटीला कुत्र्याचं हाड बसवल्याची हकीकत येते. पुढे असंही सांगतात, की चर्चने वाळीत टाकलं म्हणून तो ते काढून घ्यायला परत आला, तर हाड पक्कं बसलेलं! ग्लासगोच्या विल्यम मॅकेवेनने १८८० च्या सुमारास एका मुलाचं सडून गेलेलं दंडाचं हाड पुन्हा उभं केलं, तेही मुडदूस झालेल्या दुसऱ्या पोरांच्या वाकड्या नडग्यांतून कापलेल्या पाचरी वापरून. त्यांचे पाय सरळ झाले, याला हात मिळाला. या साऱ्या इतिहासात मला हाच व्यवहार सर्वांत चोख वाटतो.

१८९२ मध्ये जर्मनीत ड्रेसमानने पोकळीत चक्क प्लास्टर भरून पाहिलं. ते विरघळायचं, पण फार लवकर. खरं वळण आलं १९६५ साली. मार्शल युरिस्ट या शल्यविशारदाने क्षार काढून टाकलेलं हाड सशाच्या स्नायूत ठेवलं आणि मांसात हाड उगवलं. म्हणजे हाडातच हाड घडवण्याचा निरोप होता. त्याच सुमारास मॉस्कोत फ्रिडेनश्टाइन दाखवत होता, की अस्थिमज्जेतल्या काही पेशी, म्हणजेच मूलपेशी, तो निरोप पाळू शकतात.

१९९३ च्या मे महिन्यात लँगर आणि व्हकांटी या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकातल्या लेखात पेशी, वाढीचे इशारे आणि साचा ही तिन्ही सूत्रं एकत्र मांडली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री, लातूर जिल्ह्यातली किल्लारी भूकंपाने हादरली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली चिरडलेल्या हातापायांच्या वाट्याला अर्थातच जुनेच उपाय आले: प्लास्टर, सळया, पट्ट्या.

नव्या जोडीतला साचा बहुतेक वेळा हायड्रॉक्सिॲपटाइटचा, म्हणजे हाडातल्याच खनिजाचा. त्याला शेकडो मायक्रॉनची, एकमेकांत उघडणारी छिद्रं हवीत, नाहीतर रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत आणि मधल्या पेशी उपाशी मरतात. मोठा तुकडा घडवणं अजून अवघड आहे ते यामुळेच. शिवाय भिंत चढेल तशी परांची उतरावी लागते. साचा आधी विरघळला तर पोकळी राहते, उशिरा विरघळला तर परकं खनिज.

इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये तीन रुग्णांची हकीकत छापली. मज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून साच्यात पेरल्या होत्या. तुटीची लांबी ४ ते ७ सेंटिमीटर. हाडं जुळली, माणसं कामाला लागली. सहा-सात वर्षांनीही साचा मात्र क्ष-किरण चित्रात तसाच दिसत होता.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांतलं मज्जारोपण सोडलं, तर मूलपेशींचा वापर नोंदणीकृत चाचणीपुरताच ठेवला होता. कुणी ‘स्टेम सेलने हाड भरून देतो’ म्हणालं, तर आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा.