फोटो कोणी वाचायचा?

पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात 1879 साली आल्फाँस बर्तियाँ नावाचा तरुण कारकून म्हणून लागला. अटक झालेल्या माणसांची वर्णने कार्डांवर उतरवून काढणे हे त्याचे काम. पोलिसांकडे तोवर गुन्हेगारांची हजारो छायाचित्रे साठली होती आणि त्यांचा उपयोग मात्र फारच थोडा होत होता. पकडलेला माणूस नाव खोटे सांगणार; मग त्याचा जुना फोटो काढायचा कुठून? गठ्ठे नावांनुसार लावलेले आणि नावच ठाऊक नाही, अशा वेळी एकेक फोटो उलटत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आज हीच अडचण आपल्या खिशात आहे. मोबाइलमध्ये पाच-दहा हजार फोटो सहज साठतात. ते क्लाउडवर, म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या दूरवरच्या संगणकांवर, आपोआप जाऊन बसतात. तिथे ‘समुद्र’ असा शब्द टाकला की सहलीचे फोटो समोर येतात, नातीच्या चेहऱ्यावर बोट ठेवले की तिचे सगळे फोटो. यांपैकी कोणती सेवा चांगली, असे शिक्षक मित्र आम्हाला विचारतात. या प्रश्नाचे उत्तर किमतींच्या तक्त्यात सापडत नाही. फोटो शोधण्याच्या इतिहासात मात्र त्याचा बराच भाग सापडतो. म्हणून पुन्हा पॅरिसला जाऊ.

फोटो हा फोटो म्हणून शोधता येत नाही, हे बर्तियाँच्या ध्यानात आले. आधी त्याचे वर्णन करावे लागते आणि मग शोध घ्यायचा तो वर्णनात. त्याने माणसाच्या शरीराची अकरा मापे घ्यायचे ठरवले: डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, मधले बोट, डावे पाऊल, कोपरापासूनचा हात वगैरे. प्रत्येक मापाचे लहान, मध्यम, मोठे असे तीन गट केले. गटांच्या सीमा अशा ठेवल्या की तिन्हींत साधारण सारखीच माणसे पडावीत. आता हिशेब पाहा. पाच मापे घेतली तर 3×3×3×3×3, म्हणजे 243 खण होतात. समजा 60,000 कार्डे आहेत, तर एका खणात सरासरी अडीचशेच्या आतबाहेर कार्डे येतील. उरलेल्या मापांनी तीही चाळता येतील. फेब्रुवारी 1883 मध्ये या पद्धतीने खोटे नाव सांगणारा पहिला माणूस ओळखला गेला.

या हिशेबात एक गफलत आहे आणि ती वर्गात करून पाहण्याजोगी आहे. चाळीस मुलांचे मधले बोट, पाऊल आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात मोजा. प्रत्येक मापाचे तीन गट पाडा. एकूण 27 खण होतील, म्हणजे प्रत्येकात एक किंवा दोन मुले यायला हवीत. तसे होत नाही. ‘लहान-लहान-लहान’ आणि ‘मोठे-मोठे-मोठे’ या खणांत गर्दी होते आणि बरेचसे खण रिकामे राहतात. उंच मुलाचा हातही लांब असतो. मापे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. फ्रान्सिस गॉल्टनने हे हेरले आणि 1888 साली सहसंबंधावरचा आपला प्रसिद्ध निबंध मांडला. संख्याशास्त्रातल्या एका मूलभूत कल्पनेचा पोलिसांच्या कपाटाशी असा संबंध आहे.

बर्तियाँची पद्धत आपल्याकडे बंगालच्या पोलिसांनी उचलली आणि थोड्याच वर्षांत सोडलीही. एडवर्ड हेन्री या अधिकाऱ्याच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी बोटांच्या ठशांचे वर्गीकरण बसवले. दहा बोटांच्या पाच जोड्या. प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही, एवढेच पाहायचे. प्रत्येक जोडीच्या चार शक्यता, म्हणून एकूण 4×4×4×4×4 = 1024 खण. 32 आडवे, 32 उभे. सरकारने 1897 साली ही पद्धत मान्य केली आणि जगभर ती हेन्रीच्या नावाने गेली. हक आणि बोस यांची नावे कितीतरी वर्षे मागेच राहिली.

या दोन्ही पद्धतींत वर्णन लिहिणारा आणि कपाटाची किल्ली बाळगणारा एकच होता: सरकार. ज्याचे वर्णन लिहिले जात होते त्याला कोणी विचारत नव्हते. साध्या माणसांच्या घरगुती फोटोंना तेव्हा असले वर्णन नव्हते. पण ते दुसऱ्याच्या हाती जायला लागले होते, तेही त्याच काळात. जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा 1888 साली अमेरिकेत आला. किंमत 25 डॉलर, आत शंभर फोटोंची फिल्म. फोटो संपले की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्याला पाठवायचा. 10 डॉलर घेऊन कारखाना फोटो धुऊन, नवी फिल्म भरून परत करी. घरच्या फोटोंवरून परक्या माणसांची नजर फिरणे हा सोयीचाच भाग होता. पुढे दोनच वर्षांनी, 1890 मध्ये, वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी हार्वर्डच्या नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. झटपट काढलेले फोटो आणि त्यांना चटावलेली वर्तमानपत्रे ही त्यामागची एक कारणे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यातही या लेखाची चर्चा आहे.

संगणक आला तेव्हा सुरुवात पुन्हा मापांपासूनच झाली. कॅलिफोर्नियात 1960 च्या दशकाच्या मध्यास वुडी ब्लेडसो आणि त्याचे सहकारी माणसांकडून फोटोवर डोळ्यांचे कोपरे, ओठांची टोके अशा खुणा करून घेत. संगणक त्यांवरून वीसेक अंतरे काढी आणि तुलना करी. तासाला चाळीसेक फोटो होत. बर्तियाँने हे पाहिले असते तर त्याला काही नवल वाटले नसते.

खरा बदल 2012 नंतर झाला. कोणती मापे घ्यायची हे माणसाने सांगायचे थांबवले. लक्षावधी फोटो दाखवून ते यंत्रालाच शोधू दिले. गूगलच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रत्येक चेहऱ्याची 128 संख्यांची यादी होते. एकाच माणसाच्या दोन फोटोंच्या याद्या एकमेकींच्या जवळ पडतात, दोन वेगळ्या माणसांच्या दूर. जवळ-दूर ठरवायला पायथागोरसचाच नियम लागतो, फक्त दोन मितींऐवजी 128 मितींत. पुढे 2021 च्या सुमारास शब्द आणि चित्रे एकाच अवकाशात मांडण्याची युक्ती साधली. आता ‘पावसात उभी असलेली बैलगाडी’ असे वाक्य टाकले तरी शोध लागतो.

या विद्येची पहिली मोठी दुकानदारी म्हणजे मे 2015 मध्ये निघालेली गूगल फोटोज ही सेवा. कितीही फोटो ठेवा, फुकट, असे आमिष होते. ते 1 जून 2021 पासून बंद झाले. सुरुवातीलाच एक लाजिरवाणी चूक घडली. कृष्णवर्णीय व्यक्तींच्या फोटोंवर ‘गोरिला’ अशी चिठ्ठी लागली. कंपनीने माफी मागितली आणि तो शब्दच काढून टाकला. तरीही शोध घेण्यात ही सेवा अव्वल ठरली. इथे फोटो कंपनीच्या संगणकांवर वाचला जातो आणि वर्णनही तिथेच राहते. साठवलेला मजकूर कूटबद्ध असतो खरा, पण किल्ली कंपनीकडे असते. या फोटोंचा जाहिरातींसाठी वापर करत नाही असे कंपनी सांगते. चेहऱ्यांचे गट पाडणे बंदही करता येते. प्रश्न फक्त जाहिरातींचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांनी 2021 साली आजारी मुलाचा फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढला. तो आपोआप क्लाउडवर गेला, यंत्राने तो बाल-अत्याचाराचा ठरवला आणि खाते बंद झाले. पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवले. खाते मात्र परत मिळाले नाही. असे फोटो शोधून काढणे आवश्यकच आहे, याबद्दल वाद नाही. पण वाचणारा परका असेल तर त्याचा गैरसमजही आपल्याच वाट्याला येतो, एवढे यावरून कळते.

ॲपलने 2016 साली दुसरी वाट धरली. चेहरे आणि वस्तू ओळखण्याचे काम फोनवरच करायचे. सुरुवातीला प्रत्येक उपकरणाला ते वेगळे करावे लागे, शोधही कच्चा होता. शिवाय फोटोंची क्लाउडवरची प्रत अशी की तिची किल्ली कंपनीकडेही. डिसेंबर 2022 पासून ती किल्ली फक्त ग्राहकाकडे ठेवण्याचा पर्याय आला. तो आपणहून सुरू करावा लागतो आणि किल्ली हरवली तर कंपनी मदत करू शकत नाही. सरकारांना असली कुलपे आवडत नाहीत. ब्रिटनच्या सरकारशी झालेल्या वादात फेब्रुवारी 2025 मध्ये तिथे नव्या ग्राहकांना ही सोय बंद झाली. ‘एन्टे’ नावाची एक लहान सेवा सुरुवातीपासूनच सगळे कूटबद्ध ठेवते आणि चेहऱ्यांची सूची फोनवर तयार करते. मल्याळममध्ये एन्टे म्हणजे ‘माझे’. इथे किंमत मोजावी लागते ती फोनच्या वेळेची आणि बॅटरीची. जुन्या फोनवर हजारो फोटोंची सूची व्हायला बराच वेळ लागतो.

सूचीला आम्ही इतके महत्त्व देतो, त्याला ‘एव्हर’ नावाच्या सेवेचे उदाहरण पुरेसे आहे. लोकांनी हौसेने ठेवलेल्या फोटोंवर या कंपनीने चेहरा ओळखणारे तंत्र घडवले आणि ते दुसऱ्यांना विकायला काढले. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2021 मध्ये फोटो पुसायला लावलेच, शिवाय त्यांच्यापासून घडवलेली तंत्रेही नष्ट करायला सांगितले. त्याच वर्षी फेसबुकने अब्जाहून अधिक लोकांच्या चेहऱ्यांच्या याद्या पुसून टाकण्याचे जाहीर केले. त्याआधी इलिनॉय राज्यातल्या दाव्यात त्यांना 65 कोटी डॉलर द्यावे लागले होते. फोटो पुसला तरी 128 संख्या उरू शकतात, आणि माणूस ओळखायला तेवढ्या पुरतात.

तिसरी वाट 2024 मध्ये दिसली: कुलूप न उघडताच आतला शोध घेणे. फोटोतल्या एखाद्या प्रसिद्ध इमारतीचे वर्णन फोन कूटबद्ध करून पाठवतो. पलीकडचा संगणक त्या कूटावरच गणित करतो आणि उत्तरही कूटातच परत येते. काय विचारले हे त्याला कळतच नाही. गणित म्हणून हे अतिशय सुंदर आहे. ॲपलने ही सोय ग्राहकांना न विचारता चालू ठेवली, म्हणून मात्र टीका झाली, आणि ती आम्हाला रास्त वाटते.

शाळेपुरते बोलायचे तर स्नेहसंमेलनाचे फोटो शिक्षकाच्या खासगी खात्यात जातात, तेव्हा साठ मुलांच्या चेहऱ्यांच्या याद्या त्या खात्यात तयार होतात. 2023 च्या आपल्या विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. एका शिक्षकाने आपल्या मोबाइलवर काढलेल्या फोटोंना तो नेमका कसा लागू होईल, यावर वकील वाद घालतील. तोवर निदान शाळेचे खाते वेगळे ठेवता येते, आणि त्यात चेहऱ्यांचे गट पाडण्याची सोय बंद करता येते. मग संमेलनातल्या नाटकाचा फोटो ‘नाटक 2024’ असे हाताने लिहूनच शोधावा लागेल.