वेशीवरचा डाव

1950च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळुरूत छापले जाणारे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे पत्र मुंबई राज्यातही चांगले खपत असे. त्यातले आर.एम.डी.सी. या कंपनीचे शब्दकोडे सोडवायचे, प्रवेश फी भरायची, उत्तर पाठवायचे आणि बक्षिसाची वाट पाहायची. एकाच जागी दोन शब्द सारखेच चपखल बसावेत, अशी कोड्याची रचना होती. त्यातला बरोबर कोणता, हे आधीच ठरवून ठेवलेले असे. कंपनीकडे म्हैसूर राज्याचा परवाना होता. मुंबई सरकारने 1948च्या लॉटरी व बक्षीस स्पर्धा कायद्यात 1952 साली दुरुस्ती केली आणि राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतल्या स्पर्धांनाही परवाना आणि कर लागू केला. कंपनी कोर्टात गेली.

एका राज्याने परवानगी दिलेला खेळ दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या घरात पोहोचला, तर कायदा कोणाचा चालणार? भारतातल्या ऑनलाइन पोकरचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे. तो प्रश्न सर्वांत आधी इंटरनेटने नव्हे, टपालाने विचारला होता.

सर्वोच्च न्यायालयाने 9 एप्रिल 1957 रोजी मुंबई राज्याच्या बाजूने कौल दिला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने सांगितले, की जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही. लोक मुंबईत बसून कोडी भरतात, पैसे मुंबईतून जातात, तेव्हा त्यावर कायदा करायला मुंबई राज्याला अधिकार आहे. त्याच दिवशी त्याच कंपनीच्या दुसऱ्या खटल्यात, केंद्राच्या 1955च्या बक्षीस स्पर्धा कायद्याबाबत, न्यायालयाने एक फट मोकळी ठेवली. ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, ती जुगार नव्हे आणि तो व्यवसाय करण्याचा हक्क नागरिकाला आहे. पुढच्या पिढ्यांतले सगळे वकील याच फटीतून आत शिरले.

ही फट त्याहून जुनी होती. 1887च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातच निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, असे लिहिलेले आहे. अड्ड्यावर छापा पडला, पत्ते आणि रोकड जप्त झाली, अशी बातमी आजही वर्तमानपत्रात येते तेव्हा बहुतेक वेळा गुन्हा याच कायद्याखाली दाखल झालेला असतो. वेस ओलांडणारा जुगारही मुंबईला नवा नव्हता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर इथे आकडा लागत असे. ते भाव येणे थांबल्यावर 1960च्या दशकात मटक्याने ती जागा घेतली आणि गिरणगावातल्या कामगारांचे पगार त्यात गेले.

पत्त्यांच्या बाबतीतला पायाभूत निकाल सिकंदराबादच्या एका क्लबातून आला. रमी खेळणाऱ्यांवर पोलिसांनी छापा घातला होता आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी 1967 साली लिहिले, की रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान धरायचे आणि कोणते टाकायचे याचे कसब लागते. तीन पत्तीसारखा हा केवळ नशिबाचा खेळ नाही. मात्र क्लबचा मालक खेळातून नफा कमावत असेल, तर गुन्हा होऊ शकतो, हेही त्यांनी नमूद केले. निकालाचा पहिला भाग पुढे सर्वांनी पाठ केला. दुसऱ्या भागाकडे फार थोड्यांनी पाहिले.

पोकरचे काय? टेक्सास होल्डम या प्रकारात खेळाडूच्या हातात दोन पाने असतात आणि मधली पाच पाने सर्वांची. पान चांगले लागणे नशिबाचे, पण खराब पानांवर मोठी रक्कम लावून समोरच्याला डाव सोडायला लावता येतो. उत्तम पान असलेलाच जिंकेल असे नसते. म्हणूनच या खेळाबद्दल राज्याराज्यांत एकमत झाले नाही. पश्चिम बंगालच्या 1957च्या कायद्याने ब्रिज, रमी आणि पोकरला जुगाराच्या व्याख्येतून सरळ वगळले. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 साली पोकरला नशिबाचा खेळ ठरवले. पाने तीच, नियम तेच, पण कोलकात्यात चालणारा डाव अहमदाबादेत गुन्हा.

याचे कारण घटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. पैज आणि जुगार हा विषय राज्यसूचीत, 34व्या नोंदीत आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याने आपल्या गरजेप्रमाणे वाट काढली. गोव्याने 1976च्या कायद्यात 1992 साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी दिली. नंतर जहाजांवरचे कॅसिनो आले आणि मांडवीच्या पात्रात पोकरची टेबले लागली. महाराष्ट्रानेही 1976 साली कॅसिनोंसाठी कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला.

ऑनलाइन खेळाला परवाना देणारे पहिले राज्य सिक्कीम. 2008च्या कायद्यानंतर केलेल्या नियमांत पोकरचाही समावेश होता. सिक्कीमच्या परवान्यावर देशभर खेळ चालवता येईल, अशी कंपन्यांची आशा होती. पण 2015 मध्ये राज्याने कायदा बदलला आणि हे खेळ राज्याच्या हद्दीतल्या ठरावीक जागांमध्ये, तिथल्या बंदिस्त जाळ्यावरच खेळता येतील असे केले.

मग नागालँडने धाडस केले. जुगाराला बंदी आणि कौशल्याच्या ऑनलाइन खेळांना परवाना, असा दुहेरी कायदा तिथे 2016 साली लागू झाला. त्याच्या यादीत बुद्धिबळ, सुडोकू, ब्रिज यांच्या पंगतीत पोकर नाव घेऊन बसवलेले होते. नागालँडचा परवाना घेतलेली कंपनी, जिथे कौशल्याचे खेळ जुगार मानले जात नाहीत अशा इतर राज्यांतही खेळ देऊ शकेल, असे कायदा म्हणत होता. कोहिमाचा शिक्का मुंबईत किंवा पुण्यात चालेल का, याची हमी मात्र नागालँड देऊ शकत नव्हते. तरी धंदा वाढला. गोव्यात कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पने ‘अड्डा52’ ही पोकरची साइट विकत घेतली. स्मार्टफोन आणि स्वस्त डेटा आल्यावर पोकर टेबलावरून खिशात आले. प्रत्येक डावातल्या रकमेतून साइट आपला हिस्सा, ज्याला रेक म्हणतात, कापून घेते. जिंको कोणीही, टेबलाचा वाटा ठरलेला. हिदायतुल्लांनी मालकाच्या नफ्याबद्दल लिहिले होते, ते इथे प्रत्येक डावाला लागू होत होते.

दुसऱ्या बाजूने दारे बंद होऊ लागली. तेलंगणाने 2017 मध्ये आणि आंध्र प्रदेशाने 2020 मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्यात कौशल्याचे खेळही आले. तमिळनाडूत कर्जबाजारी होऊन आत्महत्या केलेल्यांच्या बातम्यांनी समाज हादरला होता. तिथल्या 2021च्या बंदीला मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द ठरवले. कर्नाटकची बंदी फेब्रुवारी 2022 मध्ये रद्द झाली. दोन्ही ठिकाणी युक्तिवादाचे मूळ 1957 मध्येच होते: कौशल्याचा खेळ हा व्यवसाय आहे, त्यावर सरसकट बंदी घालता येत नाही.

या सगळ्या वादात एक माणूस सतत बाजूला राहिला. खेळणारा. साठ वर्षे न्यायालये पाने मोजत राहिली, कौशल्य किती आणि नशीब किती याचा हिशेब करत राहिली. पण कौशल्याच्या खेळातही घर बुडते. पोकरमध्ये कसलेल्या खेळाडूसमोर नवखा बसला, तर त्याचे हरणे अधिकच नक्की होते. खेळाला कौशल्याचा म्हटल्याने खेळणाऱ्याची राखण होत नाही, उलट त्याला राखणारा कायदाच दूर जातो.

हा विचार कायद्यात उतरवण्याचे काम तमिळनाडूने केले. न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीच्या अहवालानंतर आलेल्या 2022च्या कायद्याला राज्यपालांची संमती मिळायला एप्रिल 2023 उजाडला. नोव्हेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने त्यातली रमी आणि पोकरवरची बंदी काढली, पण खेळाचे नियमन करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. मग राज्याच्या प्राधिकरणाने नियम केले: मध्यरात्री बारा ते पहाटे पाच खेळ बंद, आधारवर ओळख पटवणे सक्तीचे. कंपन्यांनी त्यालाही आव्हान दिले. जून 2025 मध्ये उच्च न्यायालयाने हे नियम वैध ठरवले. खेळाला मुभा आणि खेळणाऱ्याला संरक्षण, असा मधला रस्ता एका राज्याने पहिल्यांदाच न्यायालयातून पक्का करून घेतला होता.

अडीच महिन्यांत चित्र पालटले. संसदेत 20 आणि 21 ऑगस्ट 2025 रोजी ऑनलाइन गेमिंग विधेयक मंजूर झाले आणि 22 तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, चालवणे गुन्हा ठरले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. दर वर्षी सुमारे 45 कोटी लोक यात मिळून 20 हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने मांडला. पोकरच्या साइट्सनी पैशांचे डाव तातडीने थांबवले आणि नागालँडच्या परवान्याचा आधारच गेला.

कायद्याविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या. 34वी नोंद राज्यांकडे असताना संसदेला हा विषय हाती घेता येतो का, हा त्यातला एक कळीचा मुद्दा आहे. निकाल केंद्राच्या बाजूने लागला, तर बंदीतून निसटून परदेशी साइट्सकडे वळणाऱ्या खेळाडूंचे काय करायचे, याचे उत्तर केंद्राला द्यावे लागेल. राज्यांच्या बाजूने लागला, तर परवाना देण्याआधी प्रत्येक राज्याला तमिळनाडूचे नियम वाचावे लागतील. त्यात खेळण्याच्या वेळेचे बंधन आहे, ओळखीची खातरजमा आहे, आणि ते नियम न्यायालयात टिकलेले आहेत.