शयनसामग्री, हिमपर्वतारोहणातील

बर्फाळ पर्वतावर मुक्कामाला लागणारा संच : खाली मॅट, वर स्लीपिंग बॅग, गरजेप्रमाणे आत अस्तर. मुलुंडच्या चक्रम हायकर्ससारख्या संस्थांमधून हिमालयात जाणाऱ्या उपनगरवासीयांना या संचाची निवड अवघड जाते, कारण घराजवळ थंडीच नसते. सांताक्रूझ येथील तापमानाचा नीचांक ७.४° से. (२२ जानेवारी १९६२) आहे. सह्याद्रीत डिसेंबरला पुरलेली बॅग हिमरेषेवर तोकडी पडते.

सुरुवात मॅटपासून करावी. अंगाखाली बॅगेचे भरण दबते, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब थेट बर्फात उतरते. मॅटचा उष्णतारोध आर-मूल्याने मोजतात. एकावर एक घातलेल्या मॅटच्या मूल्यांची बेरीज होते. बर्फावर ती पाचाच्या आसपास हवी. खाली फोमची, वर हवेची ही जोडी सर्वांत भरवशाची : हवेची फुटली तरी फोमवर रात्र निभावते.

बॅगेवर छापलेल्या तापमानांपैकी ‘कम्फर्ट’ पाहूनच खरेदी करावी. ‘एक्स्ट्रीम’ हा केवळ जीव तगण्यापुरता आकडा आहे. पिसांची बॅग हलकी, पण भिजली की पिसांचे गोळे होऊन ऊब जाते. कृत्रिम तंतूंची जड असली तरी ओलीत बरी टिकते. उच्छ्वासाची वाफ भरणात गोठते, म्हणून नाकतोंड बाहेर ठेवून झोपावे.

मुंबईत खरी कसोटी पावसाळ्यात लागते. दमट कपाटात कोंबलेल्या पिसांना कुबट वास येतो, फुलण्याची ताकद जाते. बॅग पूर्ण वाळवून मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी आणि उघडीप मिळताच पंख्याखाली पसरावी.